कोरडा ओटा

तिचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मोठ्या मनाची वगैरे समजणार नाही. अजूनही वाटतो. ती आता आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात पाण्याच्याच कामावर असते. दिवाळीच्या आसपास कधीतरी तिचा फोन येतो आणि 'कशी आहेस' म्हणायच्या आधी ती विचारते, "हिंगोलीत पाणी किती दिवसाआड येऊन राहिलंय?" मी सांगते. मग ती तिच्याकडचं सांगते. तिथल्या बायांना पाणी आणायला किती कोस चालावं लागतं, हे ती अशा थाटात सांगते की वाटावं, टंचाईतही ही आपल्या पुढेच.

आम्ही दोघी एकाच आठवड्यात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडत होतो. ऑफिसात बायका दोनच. मी औरंगाबादच्या कॉलेजातून विशेष प्रावीण्य घेऊन बी.ई. झालेली. ती तांड्यावरची, आश्रमशाळेत शिकलेली. आधी डिप्लोमा, मग डिग्री, त्यातही गणितात एकदा गटांगळी. माझं अक्षर, माझी ड्रॉइंगं, माझं इंग्रजी साहेब बाकीच्यांना दाखवायचे. तिची ड्रॉइंगं दाखवायची सोय नव्हती. त्यांच्यावर चहाचा डाग नसला तर ठेच्याचं तेल असायचं.

साडीवर ती काळे कॅनव्हासचे बूट घालायची. लुनावर फिरायची आणि लुना बंद पडली की ती ढकलत पुढच्या गावापर्यंत जायची, कारण लुना दुरुस्त करणाऱ्यापेक्षा पुढचं गाव नेहमी जवळ असतं, असं तिचं म्हणणं. घड्याळ वापरायची नाही. नळावरची रांग बघून वेळ सांगायची, आणि चिडायला होईल इतकी बराबर सांगायची.

तिच्या टेबलाखाली स्टीलची एक घागर असायची, पोचे पडलेली. ऑफिसात तिला माघारी 'घागरबाई' म्हणत. ही घागर कशासाठी, ते प्रत्येक नव्या गुत्तेदाराला, म्हणजे कंत्राटदाराला, एकदा कळायचं. एकजण मला चांगला आठवतो. परीटघडीचे पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं. सार्वजनिक नळाच्या ओट्याचं ड्रॉइंग घेऊन तो तिच्या सहीसाठी आला. तिनं ड्रॉइंग उलटं ठेवलं आणि घागर त्याच्या हातात दिली.

"आवारातल्या टाकीवरून भरून आणा."

त्याला वाटलं, मॅडमना तहान लागलीय. बिचारा घागर पोटाशी धरून आला. शर्ट ओला, पायजमा ओला.

"आता डोक्यावर घ्या."

"मॅडम, चेष्टा करून राहिल्या का गरिबाची?"

"एकट्यानं घ्या. शिपायाला हात लावू देऊ नका."

त्यानं दोनदा प्रयत्न केला. घागर गुडघ्यापर्यंत आली की तिथंच थांबायची. अर्धं ऑफिस दारात गोळा झालेलं.

"काहून?" ती म्हणाली. "गुडघ्यापर्यंत आली ना? मग तिथं टेकवायला काय लागंल?"

"टेबल?" तो धापा टाकत म्हणाला.

"व्हय. तेच टेबल तुमच्या ड्रॉइंगात कुठं हाय?"

त्यानंतर तिच्या हद्दीतल्या गावांत नळाचे ओटे दोन पायऱ्यांचे झाले. एक गुडघ्याइतकी, एक छातीइतकी. बाई एकटी असली तरी घागर टेकवत टेकवत डोक्यावर घेऊ शकेल अशी. कुठलंही ड्रॉइंग पुढे आलं की तिचा एकच प्रश्न असायचा, "ही घागर डोक्यावर कोण देईल?" तिच्या तांड्यापासून गावाचा आड अर्धा कोस होता. भरलेली घागर उचलू लागायला दुसरी बाई आली नाही की तिची याडी, म्हणजे आई, घागरीशेजारी तशीच बसून राहायची. लहानपणी ही आईला शोधायला आडावर जायची. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही मोजमापाच्या पुस्तकात आकडे लिहिता लिहिता, मान वर न करता.

त्या दिवशी सगळे गुत्तेदाराला हसले. मीही हसले. घरी जाऊन मात्र मी माझी कॉलेजची दोन्ही पुस्तकं चाळली. ओट्याची उंची दिली होती, नळाची उंची दिली होती, उताराचं प्रमाण दिलं होतं. घागर कुठंच नव्हती.

गावोगावचं पाणी ती चाखून बघायची. प्रयोगशाळेचा अहवाल येईल तेव्हा येईल, आधी एक ओंजळ तोंडात. त्या चवींसाठी शाळकरी मुलांची असते तशी एक वही होती, वर मोराचं चित्र. त्यात गावाचं नाव आणि समोर चव. 'खिळा चघळल्यावाणी.' 'बरं, पण मागून खारं.' 'लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं.' हे शेवटचं म्हणजे काय, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणाली, "साहेब, मांडवातल्या रांजणातलं पाणी दुसऱ्या दिवशी पिऊन बघा, कळंल." साहेब पुढे तिला काही विचारायच्या आधी विचार करत.

नांदेडला मीटिंगला जाताना आम्ही वारंगा फाट्याला उतरायचो. एका हॉटेलात चहा ठरलेला. चहा पुढे आला की ही गल्ल्यावरच्या माणसाला सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "शेठ, पाणी कुठलं?"

"बोअरचं, मॅडम."

"कोणत्या बोअरचं? त्या संडासाच्या मागच्या?"

बाकीची गिऱ्हाइकं कप खाली ठेवायची. ट्रकवाले एकमेकांकडे बघायचे. शेवटी तो हॉटेलवाला हात जोडून म्हणायचा, "मॅडम, आजचा चहा आमच्याकडून. पण जरा हळू बोला." वर्षभरानं त्यानं बोअर दुसऱ्या बाजूला घेतला. त्या गोष्टीचा मला आनंद व्हायला हवा होता.

त्याच टेबलावर ती मला म्हणाली होती, "तू कुरुंद्याची. हळदीच्या मळ्यातली. गोड्या पाण्याचं माणूस तू, तुला तहान पुस्तकातून शिकावी लागली."

टोमणा नव्हता तो. मोराच्या वहीत चव लिहावी तशी तिनं माझी नोंद केली. म्हणून जास्त लागला.

आता माझ्या एका नळाकडे येते. साखऱ्याच्या पुढे एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथली योजना माझी. बोअर, टाकी, पाइपलाइन, सगळं मी उभं राहून करून घेतलं. मुख्य नळ मारुतीच्या पारापुढे, चार तोट्यांचा, चकचकीत ओटा. जागा ग्रामसभेनं ठरवली होती. सरपंच म्हणाले, "मारुतीम्होरं करा मॅडम, गावाची शोभा." उद्घाटनाला बँड होता. योजना वेळेत आणि एस्टिमेटच्या आत पूर्ण झाली, आमच्या खात्यात हे कितीदा होतं ते खात्यातल्यांना विचारा.

सहा महिन्यांनी ती दुसऱ्या कुठल्या कामाला त्या बाजूला गेली आणि सवयीनं माझ्या नळापाशी दिवसभर बसली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आली.

"तुझा ओटा कोरडा हाय."

"मोटर जळली?"

"मोटर चालू हाय. तोटी सोडली, धो धो पाणी. ओटा कोरडा हाय. शेवाळाचा ठिपका न्हाई त्याच्यावर. सहा महिन्यांत नळाखाली शेवाळ धरत न्हाई म्हणजे काय?"

"स्वच्छ ठेवतात लोक."

"बाया येतच न्हाईत तिथं. मागच्या आडावर जाऊन राहिल्या अजून. जाऊन बघ एकदा."

मी फाइल काढून तिच्यापुढे ठेवली. ग्रामसभेचा ठराव, खाली सह्या आणि अंगठे. तिनं तो बोट फिरवत वाचला आणि म्हणाली, "ह्यात एक तरी बांगडीचा हात हाय का?" आणि गेली.

मी बघायला गेले नाही. माझ्याकडे तेव्हा आणखी सात गावं होती, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं की ती म्हणते ते खरं निघालं तर काय, ही धास्ती.

नंतरच्या वर्षी ते परिपत्रक आलं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाचा मास्टर्सचा अभ्यासक्रम, विकसनशील देशांतल्या पाण्याच्या अभियांत्रिकीचा. शिष्यवृत्ती पूर्ण. वयाची अट पस्तीस. आमच्या खात्यानं खाली आपली एक ओळ जोडली होती की एका ऑफिसातून एकालाच सोडता येईल आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्याला सोडणार नाही. आम्ही दोघीही पस्तिशीला टेकलेल्या. म्हणजे मी किंवा ती, आणि राहील तिचा विषय कायमचा संपला.

त्या अभ्यासक्रमाची मला कॉलेजपासून माहिती होती. लायब्ररीतल्या एका मासिकात त्यावर अर्धं पान होतं. ते मी फाडून घेतलं होतं. चोरी म्हणा. लग्न ठरलं तेव्हा मी नवऱ्याला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, सकाळी माझ्याशी कुणी लवकर बोलू नये. दुसरी, ते पान दाखवलं. तो हिंगोलीत मास्तर, समंजस माणूस, म्हणाला, "बरं. झाली निवड तर जा." सासूबाईंनी पोरीला वर्षभर सांभाळायचं कबूल केलं. त्यासाठी मला तीन महिने त्यांच्या मनासारखं वागावं लागलं. एवढी तयारी होती माझी. तिची तयारी काय, तर परिपत्रक शिपायानं तिला वाचून दाखवलं आणि ती म्हणाली, "मग भरू की आपण पण. बघू तिथलं पाणी कसं हाय."

अर्जात एक निबंध लिहायचा होता. तुमच्या कामातला एक अनुभव आणि त्यातून काय शिकलात. मी साखऱ्याच्या पुढच्या त्याच गावावर लिहिला. वेळेत योजना, शंभर टक्के घरांना पाणी, लोकसहभागातून जागेची निवड. सुंदर उतरला होता.

मुदतीच्या दोन दिवस आधी ती वहीची चार पानं घेऊन माझ्याकडे आली. "इंग्रजी तेवढं बघून दे. तुझं चांगलंय."

मी वाचायला लागले. तिचं इंग्रजी म्हणजे रस्ता नसलेल्या गावाला जाणं. पण दुसऱ्या परिच्छेदात मी थांबले. तेच गाव, तोच पार, तोच ओटा. आम्ही एक नळ बांधला, त्यात पाणी आहे आणि कुणी भरत नाही. आम्ही जागा पुरुषांना विचारली. शेवाळाचंही लिहिलं होतं.

"तुझं नाव न्हाई घातलं," ती म्हणाली. "आमी केलं असंच लिहिलंय. ऑफिस एकच हाय आपलं. पण तुला तकलीफ होत असंल तर आत्ता सांग, दुसरं लिहिते."

सांगायला पाहिजे होतं. पण 'हे लिहू नको' म्हणणं म्हणजे ते खरं आहे, हे मान्य करणं. मी म्हटलं, "लिही की. मला काय."

आणि मी ती चार पानं दुरुस्त केली. मन लावून केली. एकेक क्रियापद जागेवर बसवलं, लांबलचक वाक्यं तोडली, शब्द बदलले. कुणाला वाटेल, केवढं हिचं मन! तसं काही नव्हतं. मला खात्री होती की आपलं अपयश लिहून पाठवणाऱ्याला कुणी परदेशी बोलवत नाही. ती स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होती आणि मी तो धोंडा नीट घासून देत होते.

मुलाखतीला आम्हा दोघींना मुंबईला बोलावलं. नांदेडहून रेल्वेनं बरोबरच गेलो. ती रात्रभर ड्रॉइंगच्या गुंडाळीवर डोकं ठेवून झोपली. मी उत्तरं पाठ करत बसले.

माझा नंबर आधी लागला. तिघे होते, त्यात एक पांढऱ्या केसांच्या इंग्रज बाई. शिक्षण, नोकरी, सगळं छान चाललं. मग त्या बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, एकाच ऑफिसातून दोन अर्ज आलेत आणि दोन्हींत एकच गाव दिसतं. एकीला ते यश वाटतं, दुसरीला अपयश. यातलं खरं काय?

मी म्हटलं, "दोन्ही. पाणी येतं."

"पाणी येतं ते कळलं. तुम्ही तिथं शेवटच्या कधी गेला होतात?"

खोटं बोलता आलं असतं. मागच्या महिन्यात, म्हटलं असतं. पण बाहेर बाकावर ती बसली होती, आणि तिला कुणी काही विचारलं की ती खरं सांगते, ही तिची मोठी खोड. मी म्हटलं, "उद्घाटनाच्या दिवशी."

त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. दोन शब्दच असतील. ते काय होते, हा विचार मी पुढे बरीच वर्षं केला.

ती पाऊण तास आत होती. मधून मधून आतून हसण्याचा आवाज येत होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय विचारलं?"

"विचारलं, नळ कुणी बांधला."

"मग?"

"म्हणलं, आमी." आणि कोपऱ्यातल्या माठाकडे बघून म्हणाली, "हे पाणी पिलीस का? नको पिऊ."

पत्र तिला आलं. साहेबांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले. एकच खाल्ला असता तर लोकांच्या लक्षात आलं असतं.

जाताना तिनं घागर बरोबर नेली. विमानतळावर तिला बाजूला घेऊन घागर आतून-बाहेरून तपासली म्हणे. तिची पत्रं यायची ती ऑफिसच्या पत्त्यावर, आणि शिपाई ती सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायचा. 'इथलं पाणी चवीला मेलेलं हाय.' 'वर्गात निम्म्या जगाची माणसं हाईत. आफ्रिकेतली एक बाई भरलेली घागर दोन्ही हात सोडून नेते. आमचे सर गुडघ्यापर्यंतच पोचले.' सगळे खो खो हसायचे. मी समोरच्या कागदांतल्या टायपिंगच्या चुका शोधत बसायचे. ते फाडलेलं अर्धं पान अजून माझ्या पर्समध्ये होतं. कशाला ठेवलं होतं, मला माहीत नाही.

तिचा चार्ज मात्र माझ्याकडे आला. तिच्या गावांत गेले की बाया विचारायच्या, "त्या बूटवाल्या मॅडम कुठं गेल्या?" इंग्लंडला गेल्या म्हटलं की, "कवा येतील?" एकीनं तर माझ्यापुढे पाण्याचा तांब्या धरला आणि म्हणाली, "तुमी चाखून न्हाई बघत का?" मी चाखलं. खारं होतं. वही नव्हती माझ्याकडे.

असंच त्या उन्हाळ्यात मी शेवटी त्या गावाला गेले. कुणी पाठवलं नव्हतं. पारावर सात-आठ म्हातारी मंडळी बसलेली. मला बघून एकजण उठलेच. "या मॅडम, या! तुमचा नळ बघा, काचावाणी ठिवलाय!"

खरंच ठेवला होता. पांढराशुभ्र, कोरडा ठणठणीत. ओट्यावर कुणीतरी लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या.

मी पारापुढून सरळ मागच्या बोळात गेले आणि आडावर पोचले. एक तरणी सून पाणी शेंदत होती. काठावर तिची सासू बसलेली.

"गावात नळ आहे ना? मग आडावर काहून?"

"हाय की. चांगला हाय," ती म्हणाली.

"मग?"

तिनं माझ्या पायांकडे बघितलं. "मॅडम, तुमी पारापुढून चपला घालूनच आल्या ना?"

"हो."

"कुठल्या तुमी?"

"कुरुंद्याची."

"माहेर का सासर?"

"माहेर."

"अन् सासर?"

"हिंगोलीत. नवरा मास्तर आहे."

"मंग तुमाला कोण शिकवंल," ती म्हणाली. डोक्यावरची चुंबळ काढून तिनं माझ्या डोक्यावर ठेवली. सासूनं हात लावला आणि दोघींनी भरलेली घागर माझ्या डोक्यावर चढवली. एक कळशी कमरेवर दिली. माझा एक हात घागरीला, दुसरा कळशीला.

"आता समजा, म्होरं पार हाय. सासरा बसलाय, चुलत सासरा बसलाय. चपला काढून हातात घ्या. पदर म्होरं वढा. अन् वाकून चला."

"हात कुठं आहेत मला?"

"तेच की," ती म्हणाली.

सासू पदरात तोंड घालून हसत होती. "सोड गं तिला, मॅडमची साडी भिजंल!" आणि मग माझ्याकडे बघून, "ती काळ्या बुटाची बाई आली व्हती ना, तिनं पहिल्यांदा इचारलं हे. तुमी दुसऱ्या."

मी कुरुंद्याची लेक. लेकीला पार आडवा येत नाही. आमच्या पारावरचे म्हातारे मला हाक मारून पेढा द्यायचे. लग्न होऊन गेले ती शहरात. गावची सून मी कधी नव्हतेच. विशेष प्रावीण्य होतं, आणि हे माहीत नव्हतं.

पुढच्या पंधरा दिवसांत मी तो नळ मागच्या बोळात नेला. उरलेला पाइप गोदामात पडून होता. प्लंबर ओळखीचा होता. ग्रामसभेचा ठराव घेतला नाही, घेतला असता तर नळ परत पारापुढेच आला असता. सरपंचांना सांगितलं की पारापुढचा ओटा शोभेला राहू द्या, त्यावर मिरच्या चांगल्या वाळतात. नवा ओटा दोन पायऱ्यांचा केला. मापं घ्यायला तिची घागर नव्हती, मी घरची नेली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. ऑफिसात मी कुणाला काही सांगितलं नाही. चूक माझी होती, ती निस्तरायला पेढे कशाला वाटायचे?

वर्ष संपलं आणि ती परत आली. सगळ्यांना वाटलं होतं, आता ही दिल्लीला जाईल, मोठ्या संस्थेत. गेली, पण ते बऱ्याच वर्षांनी. परत आली तेव्हा मात्र ती आमच्याच ऑफिसात, त्याच टेबलावर हजर होणार होती. साहेबांनी सत्कार ठेवला. हार आला, नारळ आला, मी भाषण लिहिलं. कारण माझी भाषा चांगली. सत्कारमूर्ती काही आली नाही. अकरा वाजले, एक वाजला. हाराची फुलं मान टाकायला लागली.

ती आली ती चारच्या सुमाराला. कोपर सोललेलं, साडीला मागून हिरवा मोठा डाग. बगलेत पोचे पडलेली घागर.

"अहो, काय झालं?" साहेब उठून उभे राहिले. "अपघात झाला का?"

"पडले, साहेब." आणि त्या गावाचं नाव घेतलं. हार, नारळ, साहेब, सगळ्यांना वळसा घालून ती माझ्या टेबलाशी आली.

"तुझ्या ओट्यावर शेवाळ हाय," ती म्हणाली.

मी मोजमापाच्या पुस्तकातून मान वर केली नाही. "कुठल्या?"

"बोळातल्या. बोट बुडंल एवढं. पाय ठिवला की आडवी. सहा बाया रांगेत व्हत्या, साऱ्या फिदीफिदी हसल्या. कवा हलवलास?"

"तू गेल्यावर."

"ठराव?"

"नाही घेतला."

ती मटकन खुर्चीत बसली. पिशवीतून निळ्या कव्हरचं एक जाड पुस्तक काढलं, तिचा प्रबंध. मधलं एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. माझ्या पारापुढच्या ओट्याचा फोटो, मिरच्यांच्या आधीचा. खाली इंग्रजीत एक ओळ होती, ह्या नळाचं पाणी आजतागायत कुणी भरत नाही.

"आठ महिने घातले म्या ह्याच्यावर," ती म्हणाली. "परीक्षकांनी वा वा केलं. अन् तू इकडं तो खोटा पाडून बसलीस व्हय गं?"

मी तो फोटो बघितला. तिचं सोललेलं कोपर बघितलं. साडीवरचा हिरवा डाग बघितला, चांगला तळहाताएवढा होता. इतकं समाधान मला बी.ई.च्या निकालालाही झालं नव्हतं.

"पानाच्या तिसऱ्या ओळीत क्रियापद चुकलंय," मी म्हटलं आणि शिपायाला हळद आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तो ओटा खरडायला मी माणूस धाडला. बाया घसरतात, घागरींना पोचे पडतात. फक्त त्याला सांगितलं, एका कोपऱ्यातलं तेवढं राहू दे.